बिनठिपक्याचा रुपया

मंडळी, आख्यानाला हात घालायच्या आधी एक काम करा. खिशात हात घाला! घाबरू नका, आरतीचं ताट अजून लांब आहे. एक नाणं काढा – रुपयाचं, दोनाचं, पाचाचं, ज्याची जशी श्रद्धा. आता त्याच्यावर साल छापलंय ना, त्याच्या खाली बघा. काय दिसतं? पत्त्यातल्या चौकटीसारखी बारीक खूण? मग ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी दिसली तर हैदराबादचं. ठिपका असेल तर नोएडाचं. मावशी, तुमचं काय? चांदणी? वा, वा. आणि हे पुढच्या ओळीतले चष्मेवाले भाऊ – तुमच्या नाण्यावर काय आहे? काहीच नाही? नीट बघा. चष्मा पुसून बघा. तरी काही नाही?

अरेरे! असू द्या, असू द्या. खिशात घाला परत. कुणाला सांगू नका, मी पण नाही सांगत.

तर प्रश्न असा – खऱ्याची खूण कोणती? नाण्याचं सोडा, माणसाचं सांगा. कपाळावर गंध असलं की माणूस खरा का? मग सगळ्यात खरा मीच, कारण माझं गंध इथून मागच्या खांबापर्यंत दिसतंय! हसू नका. "वरून कीर्तन, आतून तमाशा" ही म्हण काही सुतारा-लोहारावर केलेली नाही, ती आमच्यावरच केलीय. पेटीवर बसलेले आमचे दिगंबरपंत मान हलवतायत बघा. पंत, सुरात हलवा. एवढं पटलंय असं दाखवू नका.

ऐका आता. कवठेपिंपळ नावाचं एक गाव. गावात पिंपळाई देवी. देवी फार श्रीमंत नाही, पण तिच्या गळ्यात एक माळ आहे – चांदीच्या जुन्या रुपयांची. गावात नवी सून आली की तिनं माहेरून एक जुना चांदीचा रुपया आणायचा आणि पहिल्या नवरात्रात अष्टमीच्या सकाळी तो माळेत ओवायचा. जिचा रुपया माळेत, ती गावची सून. तोवर ती पाहुणी. शंभराच्या वर रुपये झालेले. राणीछाप आहेत, एडवर्डचे आहेत, पंचम जॉर्जचे तर ढिगानं. इंग्रज गेले, पण त्यांचे राजे आमच्या देवीच्या गळ्यात ओळीनं लटकतायत! घ्या, याला म्हणतात राज्य.

ही माळ वर्षातून एकदा उतरवायची आणि घासायची. तो मान गुरविणीचा. पुरुषांनी हात लावायचा नाही. त्या वेळी भागूबाई गुरवीण होत्या. चिंच आणि राख घेऊन बसायच्या आणि एकेक राजा असा घासायच्या, की तीस-चाळीस वर्षांत एकाही राजाला नाक उरलं नाही! जुनी नाणी जमवणारे लोक हे ऐकतील तर छाती बडवून घेतील. त्यांचं शास्त्र सांगतं, जुनं नाणं घासू नये, घासलं की त्याची किंमत गेली. खरं आहे त्यांचं. पण देवीला कोण सांगणार, की आई, यंदा नवरात्रात अंघोळ नको, तुझा भाव उतरेल म्हणून?

आता त्या गावात एक होते भास्करअण्णा देसकर. सरकारी खजिन्यातून निवृत्त झालेले कारकून. डोळ्याला भिंग, बगलेत पुस्तक. कसलं पुस्तक? "जुन्या नाण्यांची पारख". अण्णांच्या लग्नाच्या वेळची गोष्ट. सासऱ्यांनी मुलीबरोबर माळेसाठी एक रुपया दिला होता. अण्णांना तो पसंत पडेना. मग ते स्वतः मुंबईला गेले, तिथल्या फुटपाथवर एका विक्रेत्याकडून निवडून निवडून दुसरा रुपया आणला, आणि त्या विक्रेत्यानं रुपयावर हे पुस्तक फुकट दिलं! पुस्तकाची पानं सुटत होती. अण्णांनी घरीच कणकेची खळ केली आणि बांधणी केली. भरपूर खळ लावली. सरकारी माणूस, चिकटवायची सवय!

त्या पुस्तकातलं एक वाक्य अण्णांना पाठ होतं. पंचम जॉर्जचा रुपया उलटा करायचा. मागच्या बाजूला वेलबुट्टी आहे, तिच्या तळाशी कमळ आहे, त्या कमळापाशी मोहरीहून बारीक, उठावाचा ठिपका असतो. ती मुंबई टांकसाळीची खूण. झालं! तेव्हापासून अण्णा देवळाच्या पायरीवर बसून प्रत्येक सुनेचा रुपया भिंगातून बघायचे. ठिपका दिसला की "ओवा". मागितला होता का कुणी हा अधिकार? नाही. दिला होता का? तोही नाही. पण मंडळी, आपल्याकडे अधिकार कोण देतं? पहिला माणूस बसतो, दुसरा त्याला विचारतो, की झाला अधिकार!

एकदाच एक रुपया नापास झाला. वीस वर्षांपूर्वी धोंडाबाई नावाची सून आली होती. तिच्या रुपयावर ठिपका नव्हता. अण्णा म्हणाले, "खोटा." एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत सगळं गाव तिला "खोट्या रुपयाची" म्हणायला लागलं. वीस वर्षं झाली, तिच्यामागून जावा आल्या, त्यांचे रुपये माळेत गेले. पण पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीत बाई कोण? "खोट्या रुपयाची." देवळात आली तर मागच्या खांबापाशी उभी राहायची. पुढं कधी बसली नाही.

आणि अशा गावात, मंडळी, लग्न होऊन आली इंदू.

इंदूचे वडील केरबा. धंदा कल्हईचा. आता तुमच्यातल्या पोरांना कल्हई म्हणजे काय ते सांगावं लागेल. पितळेचं पातेलं भट्टीवर तापवायचं, आत कथील फिरवायचं, नवसागर टाकायचा – भस्सकन धूर – आणि पिवळं पातेलं पांढरं शुभ्र! बघणाऱ्याला वाटावं चांदीच. लक्षात ठेवा हे. पुढं लागणार आहे.

अष्टमीची सकाळ. देऊळ भरलेलं. इंदू नऊवारी सावरत पायरीशी आली. मागं सासू, बाजूला केरबा. स्वच्छ सदरा, पण हाताच्या रेषांत काजळी. ती काही निघत नाही. अण्णांनी रुपया घेतला, उलटा केला, भिंग लावलं. भिंग जवळ नेलं. लांब नेलं. पुन्हा जवळ. आणि म्हणाले, "ठिपका नाही."

मागच्या खांबापाशी धोंडाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

केरबा म्हणाले, "अण्णा, माझ्या आज्याचा रुपया हाय. पलटणीची भांडी कल्हई करत करत पार कलकत्त्यापतूर गेल्याला. तिथं पगारात मिळाला. आजीनं मोडला न्हाई, आईनं मोडला न्हाई, दुष्काळातसुदीक मोडला न्हाई. माझ्या लेकीसाठी ठिवला."

अण्णा म्हणाले, "मुंबईपासून दिल्लीपर्यंत कुठूनही आणा. ठिपका नाही म्हणजे नाही."

"वाजवून तरी बघा एकडाव."

"वाजवून बघणं हे अडाण्याचं काम. मी शास्त्रानं बघतो." आणि मग अण्णा ते बोलले, जे बोलायला नको होतं. "शिवाय केरबा, पितळेला चांदी दाखवणं हाच तुमचा धंदा. आम्ही काय समजायचं ते समजतो."

बघा हं. कारण एवढंसं, ठिपक्याएवढं. पण बापाची तीन पिढ्यांची अब्रू त्याच्यावर गेली. केरबांनी मान खाली घातली. भट्टीपुढं चाळीस वर्षं बसलेला माणूस, धुरानं कधी डोळ्यांत पाणी आलं नाही, ते तेव्हा आलं. लेकीला काय नाव पडणार, हे त्यांना दिसत होतं. मागच्या खांबापाशीच उभं होतं ते नाव.

तुम्ही त्या देवळात असता तर काय केलं असतं? बोलू नका, मला माहीत आहे. तुम्ही शेजारच्याच्या कानात म्हणाला असतात, "मला आधीच शंका होती!"

पण इंदू! पोरगी सातवी पास होती, आणि त्याहून वाईट म्हणजे लक्ष देऊन पास झालेली. ती म्हणाली, "अण्णा, ते पुस्तक मला बघू द्या की."

सासूनं मागून चिमटा काढला. इंदूनं तो खाल्ला आणि हात पुढं केला. चारचौघांत नाही कसं म्हणणार? अण्णांनी पुस्तक दिलं. इंदूनं पानं उलटली. नऊ, दहा, अकरा. बारावर मुंबईचा ठिपका. तेरावर कमळाचं चित्र. आणि पुढचं पान?

"अण्णा, तेराच्या पुढं सोळा कसं आलं?"

अण्णा म्हणाले, "छपाईची चूक."

इंदूनं पान बोटांत धरलं. जाड लागलं. अंबाड्यातला आकडा काढला, पानाच्या कडेला घातला आणि हलकेच सरकवला. करकर करत पान सुटलं. तीस वर्षांची खळ! आत चौदा आणि पंधरा, अगदी नवी करकरीत, हवा न लागलेली. इंदूनं मोठ्यानं वाचलं – "कलकत्ता. या टांकसाळीच्या रुपयावर ठिपका नसतो. ठिपका नसणे हीच त्याची ओळख."

आहाहा! मंडळी, खोल आहे हे. एक टांकसाळ अशी, की जी नाणं पाडते आणि सही करत नाही! तिची खूण म्हणजे खूण नसणं. संसारात अशी माणसं असतात. काम करतात आणि फलकावर नाव घालत नाहीत. आणि देवळातला पंखा असतो साधा, पण त्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव! पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही म्हणून देणगीदार पंखा बंद ठेवायला सांगतो. इथं वर बघू नका. मी तुमच्या गावचं म्हटलं नाही.

यावर माझी एक ओवी आहे. माझीच आहे हं, घरी जोडलेली. संतांच्या नावावर खपवत नाही, नाहीतर आजच्या विषयाला बट्टा लागेल.

ठिपका पाहोनि पारखिले जन ।
आपुले नाणे ठेविले झाकून ।
कानी न घेतली खणखण ।
पारखी कैसा म्हणावा ॥

झालं ना? सून पास, केरबांची अब्रू राखली, संपवायचं का आख्यान? नाही! कारण अण्णा अजून हरले नव्हते. चूक कळली की माणूस दोनातलं एक करतो. एकतर गप्प बसतो, किंवा अजून मोठी करतो. अण्णा सरकारी खजिन्यातले. ते उभे राहिले आणि म्हणाले, "असेल कलकत्त्याचा. पण ठिपक्याचा तो ठिपक्याचा! अस्सल रुपया कसा असतो ते बघायचंय ना सगळ्यांना? भागूबाई, माळ आणा. माझा रुपया दाखवा यांना."

माळ तिथंच ताटात होती, घासून ठेवलेली. पण भागूबाई उठेनात.

"ऱ्हाऊ द्या अण्णा."

"का राहू द्या?"

"देवीचा खोळंबा हुतोय. ऱ्हाऊ द्या म्हन्ते ना."

"भागूबाई, आणा."

दोनदा नको म्हणाली हो ती माउली. तिसऱ्यांदा उठली. माळ आणली. अण्णा पुढच्या बाजूला आपला रुपया शोधायला लागले. नाही. डावीकडं नाही. उजवीकडं नाही. भागूबाईंनी माळ फिरवली. पार मागं, जिथं दोऱ्याची गाठ येते, जो भाग देवीच्या मानेमागं शालूखाली जातो, तिथं एक रुपया होता. ठिपका? होता ना! कमळापाशी, ठसठशीत. पण कड पिवळी. राजाचा गाल पिवळा. पंचम जॉर्जला कावीळ झालेली!

केरबांनी जमिनीवर इंदूचा रुपया टाकला. खण्ण! आवाज गाभाऱ्यात जाऊन परत आला. मग भागूबाईंनी अण्णांचा रुपया दोऱ्यातून सोडवला आणि हळूच फरशीवर सोडला. थप्.

हसले का लोक? नाही हसले. अण्णांचा चेहरा बघून कुणाला हसू आलं नाही. अण्णा म्हणाले, "पण... याच्यावर ठिपका आहे."

केरबा म्हणाले, "असनारच की अण्णा. खऱ्या रुपयाचा साचा काडून वतल्यालाय ह्यो. साच्यात ठिपका येतोच."

ऐकलंत? खोट्याच्या अंगावर खूण हमखास असते. खऱ्याला ती नसली तरी चालतं, खोट्याला तिच्यावाचून एक पाऊल टाकता येत नाही! आणि तो सासऱ्यांचा रुपया आठवतोय का, जो अण्णांना पसंत पडला नव्हता? तो का नव्हता पसंत? अण्णांच्या पत्नी बायकांच्या घोळक्यातून पहिल्यांदाच बोलल्या, "माझ्या वडिलांच्या रुपयाला ठिपका नव्हता." तीस वर्षं गप्पच होत्या. खरा परत पाठवला, खोटा विकत आणला, आणि खोटं विकणाऱ्यानं पुस्तक मात्र खरं दिलं होतं!

अण्णांनी भागूबाईंना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"दुसऱ्या वर्सापासनं. चिच लावली की बाकीचं पांढरं हुत्यात, ह्यो पिवळा हुतो. आनि बिनठिपक्याचं म्हनाल तर एकवीस हायती माळंत. खनखन वाजत्यात सगळं."

"मग सांगितलं का नाहीत? देवीपासून लपवत राहिलात?"

भागूबाई म्हणाल्या, "देवीला ठावंच हाय की अण्णा. तिच्याच मानंला घासत हुता त्यो. म्या लपवत हुते ते तुमच्यापासनं."

थांबा जरा. दिगंबरपंत, पेटी नको. हे असंच राहू द्या.

आता केरबांचं ऐका. या माणसाचा अपमान झालेला. अर्ध्या तासापूर्वी. भर देवळात. त्याच्या हातात आता तो खोटा रुपया आला. बोलायची पाळी त्याची. सगळ्या गावानं कान टवकारले. केरबांनी रुपया अंगठ्यानं पुसला, उजेडात धरला आणि अण्णांच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "कल्हई करून देऊ का? भट्टी पेटवायचा अवकाश. दोन मिन्टात पांडरा हुईल. कुनाला कळायचं न्हाई."

चेष्टा होती की माया होती? मला विचाराल तर दोन्ही होती. निम्मी निम्मी. कल्हईवाल्याला प्रमाण बरोबर माहीत असतं!

आणि अण्णा हसले. आधी ओठ हलले, मग पोट हललं, मग डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "नको केरबा. पिवळाच राहू दे. भागूबाई, हा मागं नको आता. पुढं ओवा, मधोमध. मी रोज दर्शनाला येतो. मला दिसला पाहिजे."

मग इंदूनं आपला रुपया ओवला आणि तिनंच अण्णांचा रुपया उचलून आपल्या शेजारी घातला. माळ देवीला घालायला उचलली, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबा."

गर्दीतून वाट काढत ते मागं गेले. खांबापाशी. धोंडाबाई अजून मागं सरकल्या, पण मागं भिंत होती. अण्णांनी भिंग खिशात घातलं, हात जोडले आणि विचारलं, "धोंडाबाई, तो रुपया... मोडलात की आहे अजून?"

धोंडाबाईंनी कनवटीला हात घातला, एक चिंधी काढली, चिंधीची गाठ दातांनी सोडली. त्यात तो रुपया. म्हणाल्या, "वीस वर्सं झाली, दर अष्टमीला घिऊन येते. कुनी मागितलाच न्हाई."

मंडळी, आता माझ्या कपाळाकडं बघू नका. आपल्या गावाकडं बघा. आपल्या घराकडं बघा. कुणाच्या रुपयाला तुम्ही खोटा म्हणालात? कुठली सून, कुठला भाऊ, कुठला शेजारी – एकदा चुकलेला किंवा एकदाही न चुकलेला – आणि नाव पाडून मोकळे झालात? तो माणूस अजून येतो हो. लग्नाला येतो, मयताला येतो, या कीर्तनालाही आला असेल. मागच्या खांबापाशी असेल. कनवटीला बांधून आणलेलं असतं त्यानं. मागायला जायचं ते आपण. आणि जाताना भिंग घरी ठेवून जायचं. नाहीतर जाल, आणि तिथंही ठिपका शोधत बसाल!

आणि आपलं स्वतःचं नाणं? ते कुणीतरी भागूबाई आपल्या मानेमागं लपवून फिरतेय. कुणाची बायको असेल ती, कुणाची आई असेल. घरी गेल्यावर विचारा. पण जेवण झाल्यावर विचारा, आधी नको. खरं ऐकायला पोटात आधार लागतो!

चला, देवीचं नाव घ्या. ताट निघालंय. चष्मेवाले भाऊ, तुम्ही मघापासून खिशावर हात ठेवून बसलात, मला दिसतंय. तुमचं नाणं कलकत्त्याचं आहे. ते आजही ठिपका लावत नाहीत, चांदणी लावत नाहीत, काही लावत नाहीत. मी मघाशी मुद्दामच बोललो नाही, आणि तुम्ही एका बुवाच्या "अरेरे"वर आपलं खरं नाणं लपवून ठेवलंत. तासभर! काढा ते. ताटात टाका. हळू नको, जरा वरून टाका, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

ऐकलंत?